मानवी हक्क आयोगाची तक्रार सेवा : मिळतं काय, अडतं कुठे

पोलीस कोठडीतली मारहाण, तुरुंगात नाकारलेले उपचार, वेठबिगारी यांविरुद्ध दाद मागायची इतकी स्वस्त सोय क्वचितच मिळेल. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ नुसार दिल्लीत राष्ट्रीय आयोग आहे आणि मुंबईत महाराष्ट्र राज्य आयोग. राष्ट्रीय आयोगाकडे अर्ज मराठीतही करता येतो, कारण संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते. पीडिताच्या वतीने दुसरं कुणीही अर्ज करू शकतं. माणूस आत असताना बाहेरच्यांना याच तरतुदीचा आधार असतो.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा टाळता येण्याजोग्या कारणांनी. कलम ३६ नुसार घटनेनंतर एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. प्रकरण राज्य आयोगापुढे असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नये. सर्वांत जास्त घात करते ती ‘प्रत माहितीसाठी’ पाठवायची सवय. मूळ अर्ज पोलीस अधीक्षकांना आणि आयोगाला नुसती प्रत, असं केलं की नियमांप्रमाणे तो अर्ज दाखल करून घ्यायची गरजच उरत नाही. अर्ज आयोगाच्याच नावे लिहावा. निनावी तक्रार, जमिनीचा वाद, नोकरीतली बढती, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण हेही बाद होतं.

अर्जात ठाण्याचं नाव, अटकेची तारीख आणि वेळ, संबंधितांची नावं किंवा हुद्दे, कोणता हक्क कसा डावलला हे लिहावं. वैद्यकीय तपासणीचा कागद आणि एफआयआरची प्रत जोडावी. आधी डायरी क्रमांक मिळतो, छाननीनंतर केस क्रमांक. मग आयोग सरकारकडून अहवाल मागवतो आणि तो तक्रारदाराकडे म्हणणं मांडण्यासाठी पाठवतो. हे पत्र दुर्लक्षून चालणारच नाही. मुदतीत उत्तर गेलं नाही की पोलिसांचाच अहवाल ग्राह्य धरून फाईल बंद होण्याचा धोका असतो. उत्तर मुद्देसूद द्यावं : अहवालातलं कोणतं विधान कोणत्या कागदाने खोटं ठरतं, एवढंच.

चौकशीच्या टप्प्यापर्यंत सेवा चांगली आहे. कलम १३ ने आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रं मागवता येतात. पुढे मात्र बळ संपतं. कलम १८ खाली आयोग भरपाईची, कारवाईची शिफारस करतो, आणि सरकारने महिन्याभरात आपलं म्हणणं कळवायचं असतं. सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत तर कलम १९ मुळे केंद्राकडून अहवाल मागवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही.

इथे कौटिलीय अर्थशास्त्र आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या चौथ्या अधिकरणातला (भागातला) नववा अध्याय बंदिवानांवर अन्याय करणाऱ्या अधिकाऱ्याचे दंड सांगतो : कारण न सांगता कोंडलं तर २४ पण (त्या काळचं नाणं), छळ केला तर ४८, अन्नपाणी तोडलं तर ९६, मारून टाकलं तर १,०००. जिवाची किंमत पणांत मोजणं आज मान्य होणार नाही, पण दंड थेट त्या अधिकाऱ्यावर आहे. आयोगाने शिफारस केलेली भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. लाठी चालवणाऱ्याकडून ती वसूल करायची तर सरकारने वेगळं पाऊल उचलावं लागतं. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते. तरीही कौटिल्याला मानवी हक्कांचा जनक म्हणणारे बरोबर ठरत नाहीत. आधीचाच आठवा अध्याय कबुलीसाठी छळाचे प्रकार सांगतो आणि ब्राह्मणाला त्यातून वगळतो. सर्वांना सारखं संरक्षण ही गोष्ट आपल्याला संविधानाच्या कलम १४ आणि २१ ने दिली. ते हक्क बजावून घेण्याच्या कलम ३२ ला डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत संविधानाचा आत्मा म्हटलं, ते दाद मागायचा रस्ता नसेल तर हक्क पोकळ ठरतो म्हणूनच.

त्यामुळे आयोगाला शेवटचा मुक्काम समजू नये. चौकशी अहवालाची प्रत तक्रारदाराला मिळण्याची तरतूद १९९३ च्या कायद्याच्या कलम १८ मध्येच आहे. ती लेखी मागून घ्यावी. शिफारस धूळ खात पडली, तर संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करताना हीच प्रत सोबत जोडता येते.