मुलाची टेस्ट करायला गेलो, खरं काम झालं ते आम्हा मोठ्यांचं (डोंबिवली पूर्व, पालक समुपदेशन)

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. मुलाला लर्निंग डिसॅबिलिटी (एलडी, म्हणजे वाचणं-लिहिणं किंवा आकडेमोड शिकताना येणारी अडचण) आहे किंवा तसा संशय आहे आणि त्यावरून घरात रोज वाद होतायत, तर ह्या सेंटरला जा, आणि नवरा-बायको दोघंही जा, एकट्या आईने जाऊन उपयोग नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली लिहिलंय.

आमचा मुलगा चौथीत आहे, इंग्लिश मिडीयम. तोंडी विचारा, सगळं येतं, ग्रह, किल्ले, क्रिकेटचे स्कोअर, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. वही उघडली की मात्र बी चा डी होतो, सोपं स्पेलिंग सुद्धा एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेलं असतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवून येतं, आणि मराठीत घ-ध, भ-म ची गल्लत, वेलांट्या कुठेही, जोडाक्षर आलं की तिथेच अडकतो. डायरीत रोज लाल पेनाने 'इनकम्प्लीट'. संध्याकाळी सात ते नऊ घरात फक्त होमवर्क आणि आरडाओरडा. हे म्हणायचे तू लाडावून ठेवलंयस, मी म्हणायचे तुम्ही घरी असता कधी, सासूबाई म्हणायच्या आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं बाई. आणि पोरगं मधे बसून पेन्सिल चावतंय.

शाळेने सांगितलं टेस्ट करून घ्या म्हणून इथे फोन केला. तर सेंटरच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या पहिल्या भेटीला मुलाला आणूच नका, तुम्ही दोघंच या. मला जरा विचित्रच वाटलं, पण आता कळतंय की ह्या सेंटरची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. तासभर त्यांनी मुलाच्या मार्कांबद्दल जवळजवळ काही विचारलंच नाही. संध्याकाळी घरात काय काय होतं ते ऑर्डरने सांगा म्हणाल्या, आधी कोण बोलतं, आवाज कधी चढतो, कोण उठून गॅलरीत जातं, त्या वेळी मुलगा कुठे बघत असतो. मग विचारलं की गेल्या आठवड्यात अभ्यास सोडून तुम्ही त्याच्याशी कशाकशावर बोललात. ह्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही आणि त्यांनीही घाई केली नाही.

मग त्यांनी सांगितलं की टेस्टचं व्हायचं तेव्हा होईल, घरातलं भांडण थांबवायचं काम आजपासून. होमवर्कला अर्ध्या तासाचा टायमर, वाजला की वही बंद, राहिलेलं राहू दे, डायरीत 'घरी अर्धा तास बसला' एवढं लिहून पालकांनी सही करायची. अभ्यास एकानेच घ्यायचा आणि तेव्हा दुसऱ्याने आतल्या खोलीतून सुद्धा सूचना द्यायची नाही. आमची लेखी परवानगी घेऊन शाळेतल्या बाईंशी त्या स्वतः बोलल्या, म्हणून शाळेनेही ऐकलं, नाहीतर आमचं कोण ऐकणार होतं. हे वाचायला अगदी साधं वाटतं पण आमच्या घरात पंधरवड्यात जेवणाच्या वेळी गप्पा सुरू झाल्या, ह्यापेक्षा जास्त काय लिहू.

टेस्टबद्दल पण लिहिते कारण बऱ्याच पालकांना माहीत नसतं. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला लावतात, दिसण्या-ऐकण्याचा प्रॉब्लेम नाही ना ते बघायला. मग आयक्यू, मग वाचन, लेखन, गणित वेगवेगळं. एलडी म्हणजे बुद्धी कमी असं अजिबात नाही, उलट आयक्यू नॉर्मल असतो आणि वाचणं-लिहिणं किंवा आकडेमोड इयत्तेच्या मागे राहिलेली असते, म्हणूनच साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं सांगत नाहीत. एलडीवर गोळी नसते, स्पेशल एज्युकेटरकडे, म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या खास शिक्षकांकडे, रेमेडियल (वेगळ्या पद्धतीने शिकवणं) करावं लागतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. मॅडमनी हे सगळं मराठीत, कागदावर आमच्या मुलाच्याच चुका दाखवून समजावलं, रिझल्ट सांगून उठवलं नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली, ती मला फार प्रामाणिक वाटली. आमचा रिपोर्ट शाळेला आणि तुम्हाला समजण्यासाठी आहे, दहावीच्या सवलतींसाठी तो चालणार नाही, त्याला सरकारमान्य हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागेल. मुंबईत सायन, केईएम, नायर ला होतं. नंबर लागायला बराच वेळ जातो म्हणून आत्तापासून लागा, दहावीचं वर्ष उजाडायची वाट बघू नका, शाळेमार्फत बोर्डाकडे कागद आधी जावे लागतात. आपल्या राज्यात ह्या सवलती 1996 पासून आहेत, जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट वगैरे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडीचं नाव आलं तेव्हापासून तो सरळ हक्कच झाला. तरी अजून कित्येक पालक शाळेत हात जोडून उभे असतात जसं काही मेहरबानी मागतायत, हे बघून मला मनापासून राग येतो.

सासूबाईंचं सेशन वेगळं झालं. त्या यायला तयारच नव्हत्या, माझ्या डोक्यात काही बिघाड नाही म्हणाल्या. मॅडमनी त्यांना 'आजी, मला तुमच्या घरची माणसं सांगा' म्हणून कागदावर सगळं कुटुंब काढायला घेतलं, कोण किती शिकलं, कोण काय करतं. बोलता बोलता आजीच म्हणाल्या की धाकट्या दिराला वाचता यायचं नाही, मास्तर फार मारायचे म्हणून नववीत शाळा सोडली, आता त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, माप डोळ्याने सांगतो. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हे पुष्कळदा कुटुंबातच चालत येतं, तेव्हा त्याला नाव नव्हतं एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात 'आळशी' हा शब्द आजींनीच बंद केला. आता रात्री गोष्टीचं पुस्तक त्या वाचून दाखवतात आणि तो ऐकतो, वाचून घ्यायची सक्ती नाही.

महिन्यातून एका रविवारी पालकांचा ग्रुप असतो, त्याची वेगळी फी नाही, तो चुकवू नका. एक रिक्षा चालवणारे दादा येतात, मुलगी मराठी माध्यमात, त्यांचा प्रश्न असा की बहुतेक चाचण्या इंग्रजीत, मग आमच्या मुलीचं मोजणार कशावर. आणि खरंच मराठीतलं साहित्य कमी आहे, मॅडमनीही ते मान्य केलं आणि कुठे मराठीत तपासतात ते त्यांना शोधून दिलं. एका ताईंचा मुलगा लेखनिक घेऊन दहावी पास झालाय, त्या सगळ्या कागदपत्रांची फाईलच घेऊन येतात आणि नवीन आलेल्यांना एकेक पान दाखवतात. मला तर डॉक्टरांपेक्षा त्या फाईलने जास्त धीर दिला. बाबा लोक सुरुवातीला मोबाईल बघत बसतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलायला लागतात, आमचे पण बोलले.

आता अर्धा स्टार. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत मिळतो, मॅडम समजावतात ते ठीक पण घरी आजींना, किंवा त्या रिक्षावाल्या दादांना, पुन्हा वाचायचं असेल तर काय, एक पान मराठीत द्यायला हवं. संध्याकाळचे स्लॉट आठवड्यात दोनच दिवस, लोकलने ऑफिसहून येणाऱ्या बाबांना कसं जमणार, आणि बाबा आले पाहिजेत असं तर तुम्हीच सांगता. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आजींना मधे बसावं लागलं. फी एका सेशनची 900 आहे, रेमेडियल वेगळं, महिन्याचा हिशोब केला तर सगळ्यांना परवडणारं नाही. अडचण असेल तर सांगा, कमी करतात, पण तसा बोर्ड कुठे लावलेला नाही आणि माणूस विचारायला लाजतो, तेव्हा तो लावाच.

ज्यांना अजिबात जमत नाही त्यांनी टेस्टसाठी सरकारी हॉस्पिटल धरावं, आणि स्वतःचाच जीव मेटाकुटीला आला असेल तर 14416 ला फोन करावा, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो मुलांसाठीच आहे असं नाही, आई-बाबांनी स्वतःसाठी करायचा.

एक कळकळीची विनंती, बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर आणि मेंदू सांगणारे, किंवा डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे, त्यांच्याकडे पैसे घालू नका. त्याला शास्त्राचा काही आधार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका आई-बाबांनी हजारो रुपये दिले, हाती रंगीत फाईल आली आणि मुलाचं वर्ष गेलं. इथे मॅडमनी आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाही, पॅकेज नाही, उलट मधे एकदा म्हणाल्या आता महिनाभर येऊ नका, घरी करून बघा.

मुलगा अजूनही सावकाशच वाचतो, स्पेलिंग अजून चुकतात, ते एवढ्यात सुटणार नाही हे आम्हाला आधीच सांगितलंय. पण शाळेत जाताना पोटात दुखतंय म्हणणं बंद झालंय.

जाणार असाल तर दुपारी फोन करा, सकाळी उचलत नाहीत. प्रगतीपुस्तक नेलंत तर ते बाजूला ठेवतात, मागच्या दोन वर्षांच्या वह्या न्या, रफ वही सुद्धा, त्या पानन् पान बघतात.