मर्चंट्स हाऊस म्युझियम, न्यूयॉर्क: डिसेंबरमध्ये जा आणि सढळ हाताने पैसे द्या

डिसेंबर आला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या सगळ्या ग्रुप्सवर एकच प्रश्न फिरायला लागतो, भारतातून आई-बाबा आलेत, ख्रिसमसच्या सुट्टीत न्यूयॉर्कमध्ये काय दाखवू. उत्तरंही ठरलेली, रॉकफेलरचं झाड, फिफ्थ ॲव्हेन्यूच्या दुकानांच्या खिडक्या, ब्रायंट पार्क. ते सगळं छानच आहे, बघाच, पण त्याच ट्रिपमध्ये दोन तास बाजूला काढा आणि ईस्ट फोर्थ स्ट्रीटवरच्या 29 नंबरच्या घरात जा. मर्चंट्स हाऊस म्युझियम. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, आणि सणाच्या दिवसांत तिथे जे कार्यक्रम होतात त्यांना तर त्याहून जास्त देता आले असते तर दिले असते.

आधी घराबद्दल. 1832 साली जोसेफ ब्रूस्टर नावाच्या टोप्यांच्या व्यापाऱ्याने हे विटांचं घर बांधलं आणि 1835 मध्ये सीबरी ट्रेडवेल यांनी ते 18,000 डॉलरला विकत घेतलं. हार्डवेअरची आयात करून चांगला पैसा कमावलेला हा माणूस, बायको एलायझा, आठ मुलं, आणि नोकरचाकर, सगळे याच घरात. धाकटी मुलगी गर्ट्रूड 1840 मध्ये इथेच जन्मली आणि 1933 मध्ये 93 व्या वर्षी इथेच गेली. तिने लग्न केलं नाही, शेवटची बरीच वर्षं ती एकटीच राहिली, आजूबाजूचा भाग बदलत गेला, श्रीमंत लोक शहराच्या वरच्या भागात निघून गेले, घरातला पैसा आटला, पण तिने सामान हलवलं नाही. ती गेल्यावर घर कर्जापायी जाणार होतं तेव्हा जॉर्ज चॅपमन नावाच्या लांबच्या नातेवाइकाने ते सोडवलं आणि 1936 मध्ये म्युझियम म्हणून उघडलं. म्हणून इथल्या खुर्च्या, पलंग, काचसामान, बायकांचे कपडे, हे सगळं त्याच एका कुटुंबाचं आहे. मोठमोठ्या म्युझियममध्ये जुन्या खोल्या बघितल्यात मी, पण त्या दहा ठिकाणांहून वस्तू आणून सजवलेल्या असतात, इथे ज्या कुटुंबाच्या खुर्च्या तेच कुटुंब याच घरात राहायचं, फरक जाणवतो. 1965 मध्ये न्यूयॉर्कने लँडमार्क, म्हणजे जपायच्या ऐतिहासिक इमारती, जाहीर करायला सुरुवात केली तेव्हा त्या यादीत मॅनहॅटनमधलं हे पहिलं घर होतं.

पहिल्या मजल्यावर एकामागे एक दोन दिवाणखाने आहेत, मध्ये खांब आणि भिंतीत सरकणारे महोगनीचे दरवाजे, दोन्हीकडे सारख्याच काळ्या संगमरवराच्या फायरप्लेस. डिसेंबरमध्ये हे दिवाणखाने एकोणिसाव्या शतकाच्या पद्धतीने सजवतात. मॉलसारखं चकचकीत काही शोधायला जाऊ नका, हिरव्या फांद्या, टेबलावर ठेवलेलं छोटंसं झाड, साधी सजावट. त्या काळी झाड टेबलावरच ठेवायचे, छताला टेकणारी झाडं नंतर आली. आणि हेही तिथे गेल्यावर नीट कळतं की ट्रेडवेल कुटुंब इथे राहायला आलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ख्रिसमसपेक्षा 1 जानेवारीला जास्त महत्त्व होतं, ख्रिसमस हा घरगुती, मुलांचा, भेटवस्तूंचा सण व्हायला शतकाच्या मध्यापर्यंत वेळ लागला. म्हणजे आपण जे काही 'पारंपरिक ख्रिसमस' म्हणून बघतो ते घडत होतं ती सगळी वर्षं हे कुटुंब याच खोल्यांमध्ये राहत होतं.

आता मुख्य गोष्ट, कार्यक्रम. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या गोष्टीचा एकपात्री प्रयोग, गेली दहाएक वर्षं दर डिसेंबरला त्याच दिवाणखान्यात होतो. कल्पना अशी की साल 1867 आहे आणि डिकन्स स्वतः तुम्हाला गोष्ट वाचून दाखवतोय. ही कल्पना हवेतून काढलेली नाही, डिकन्स डिसेंबर 1867 मध्ये खरंच न्यूयॉर्कमध्ये होता, चौदाव्या रस्त्यावरच्या स्टाइनवे हॉलमध्ये त्याने वाचन केलं, आणि तिकिटांसाठी लोकांनी कडाक्याच्या थंडीत रांगा लावल्या. तो हॉल या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. सीबरी 1865 मध्ये गेले होते पण एलायझा आणि मुली तेव्हा याच घरात राहत होत्या. हे सगळं डोक्यात ठेवून त्या मंद उजेडात बसायचं. एकच नट, माइक नाही, पडदा नाही, पहिल्या रांगेतल्या माणसाने हात लांब केला तर त्याच्या कोटाला लागेल इतका तो जवळ, गोष्टीतल्या कंजूष म्हाताऱ्या स्क्रूजचा खवट आवाज काढता काढता मान वळवली की त्याच्याकडे राबणारा, छोट्या टिमचा गरीब बाप झाला. तासाभराचा प्रयोग आहे. माझ्या सासूबाईंचं इंग्रजी जेमतेम, मला काळजी होती की त्यांना कंटाळा येईल, मी आधी गोष्ट मराठीत सांगून ठेवली होती, पण त्या शेवटपर्यंत खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या आणि बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "अगं, त्याच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळत होतं."

तिकीट रोजच्या प्रवेशाच्या कित्येक पट आहे, हे आधीच सांगते. पण मी त्याच सीझनमध्ये एका मोठ्या, जाहिराती करणाऱ्या लाइट शोला (नाव घेत नाही) जवळपास तेवढेच पैसे देऊन गर्दीत ढकलाढकली सहन करून, अर्ध्या तासात बाहेर पडले होते. आणि इथल्या कार्यक्रमांचा पैसा म्युझियमला हातभार लावतो.

दुसरा कार्यक्रम मला त्याहूनही आवडतो, 1 जानेवारीचा ओपन हाऊस. जुन्या न्यूयॉर्कमध्ये नववर्षाच्या दिवशी 'कॉलिंग'ची पद्धत होती, डच लोकांच्या वेळेपासून चालत आलेली. घरातल्या बायका नटूनथटून दिवाणखान्यात थांबायच्या, टेबलावर केक, पंच, ऑयस्टर वगैरे मांडलेलं, आणि पुरुष मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत या घरातून त्या घरात, पाच-दहा मिनिटं बसायचं, शुभेच्छा द्यायच्या, तोंडात काहीतरी टाकायचं की पुढच्या घरी. वर्षभरात बिनसलेलं असेल तर त्या दिवशी जाऊन मिटवायचं. आपल्या संक्रांतीच्या तिळगुळासारखंच, वर्षभराचा रुसवा त्या दिवशी सोडायचा. कोणाकडे किती पाहुणे आले यावरून घराची पत कळायची, म्हणे मुली याद्या ठेवायच्या. तर म्युझियम त्या दिवशी घर उघडं ठेवतं, त्या काळच्या डायऱ्या आणि पत्रांमधले उतारे वाचून दाखवतात, थोडं खायला-प्यायला असतं, आणि तुम्ही त्याच दिवाणखान्यात उभे असता जिथे ट्रेडवेलांच्या मुली पाहुण्यांची वाट बघत थांबल्या असतील. मला असे कार्यक्रम आवडतात कारण ते त्याच घराच्या आयुष्यातून आलेले आहेत, दुसऱ्या कुठल्या घरात तो पंच प्यायला असता तर नुसता पंच झाला असता.

दिवाणखाने बघून लोक निघतात, तसं करू नका. खाली स्वयंपाकघरात जा. तिथे भिंतीवर एका ओळीत घंट्या टांगलेल्या आहेत, वरच्या खोल्यांमधून ओढल्या की खाली वाजणाऱ्या, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा, म्हणजे कामवालीने न बघता ओळखायचं की कुठल्या खोलीतून बोलावणं आलं. त्या कामवाल्या बहुतेक आयरिश मुली, त्यांच्या खोल्या सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर. सासूबाई त्या घंट्यांसमोर बराच वेळ उभ्या होत्या. "म्हणजे कोळसा, पाणी, सगळं या पोरींनी वर न्यायचं? आणि सणाच्या दिवशी तर बसायलाच मिळत नसेल." मग आम्ही वर त्यांच्या खोल्यांपर्यंत चढून गेलो, जिना चढताना दम लागतो आणि तो लागला पाहिजे, त्याशिवाय खालच्या टेबलावरचा केक कोणाच्या जिवावर यायचा ते कळत नाही.

आता पैशाचं बोलते, कारण मला हा रिव्ह्यू लिहायचाच होता तो यासाठी. हे घर शहराच्या हिस्टॉरिक हाऊस ट्रस्टच्या यादीत आहे, त्यामुळे पुष्कळांना वाटतं सरकार बघतंय सगळं. तसं नसतं. म्युझियम चालवते ती एक छोटी नॉन-प्रॉफिट संस्था, माणसांचे पगार, कार्यक्रम, वस्तूंची निगा याचा भार तिच्यावर, तिकीट, मेंबरशिप आणि देणग्या याच्यावर गाडा चालतो. आणि या घराच्या मागे एक जास्तीचं लचांड आहे. शेजारच्याच प्लॉटवर आठ मजली हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला आणि त्यावरून कित्येक वर्षं वाद चालला. इथलं छताचं मूळ प्लास्टरचं नक्षीकाम न्यूयॉर्कमधल्या उत्तम कामांपैकी मानलं जातं, जवळजवळ दोनशे वर्षांचं प्लास्टर, शेजारी पाया खणायला लागले, हादरे बसले तर ते टिकेल का ही भीती साधी नाही. 2018 मध्ये सिटी कौन्सिलने तो प्रस्ताव फेटाळला पण विषय तिथे संपला नाही, नंतर सुधारित आराखडा पुन्हा लँडमार्क कमिशनपुढे आला. अशा लढाईत वकील लागतात, इंजिनिअर लागतात, आणि ते फुकट येत नाहीत. जे पैसे खोल्यांच्या दुरुस्तीला जायला हवेत ते घर उभं ठेवायला लागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मी मैत्रिणींना सांगते की डिसेंबरमध्ये पैसे द्यायचेच असतील तर असे द्या. अमेरिकेतल्या संस्थांना वर्षाच्या शेवटीच जास्त देणग्या येतात, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या मंगळवारी, म्हणजे गिव्हिंग ट्यूसडेला, तुमच्या इनबॉक्समध्ये आवाहनांचा पूर येतो, त्यात मोठ्या संस्थांचे आवाज मोठे. छोट्या म्युझियमला पन्नास डॉलरही जाणवतात. आपल्यातले किती जण आयटीत, फार्मात, बँकांमध्ये आहेत, तुमच्या कंपनीत मॅचिंग गिफ्ट असेल तर तेवढेच पैसे कंपनीही घालते आणि पुष्कळ जण तो फॉर्मच भरत नाहीत! एचआरच्या पोर्टलवर पाच मिनिटांचं काम आहे. मेंबरशिप कोणाला भेट म्हणून देता येते का तेही विचारा, मुलांच्या टीचरला दरवर्षी कॉफीचं कार्ड देण्यापेक्षा बरं. एक लक्षात ठेवा, प्रयोगाच्या तिकिटाचे सगळे पैसे टॅक्समध्ये वजा होत नाहीत, कारण त्याच्या बदल्यात तुम्हाला कार्यक्रम मिळतो, नुसती देणगी वेगळी द्या आणि पावती जपून ठेवा.

हे घर बघताना मला पुण्याचं केळकर म्युझियम सारखं आठवत होतं. एका माणसाने आयुष्यभर जमवलेले अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे, केवढी श्रीमंती आहे तिथे. दिवाळीत त्या दिव्यांसमोर कोणीतरी संध्याकाळी बसून सांगितलं की हा दिवा कुठे लावायचे, त्यात तेल कुठलं, वात कोण वळायचं, तर मी तिकीट काढून जाईन आणि वर देणगीही देईन.

कोणी जावं? गोष्टी ऐकायला आवडणाऱ्या सगळ्यांनी. अगदी लहान मुलांना प्रयोगाला नेऊ नका, दिवसा घर बघायला न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा, बाहेरच्या पायऱ्या, आत उभे जिने, लिफ्ट नाही, घर 1832 चं आहे त्यामुळे त्याला इलाज नाही, पण बाबांना नुसते दिवाणखाने दाखवले तरी चालतील. जर्सीहून पाथ ट्रेनने नाइन्थ स्ट्रीटला उतरून चालत जाता येतं, सबवेने ॲस्टर प्लेस जवळ, लाफायेट आणि बावरीच्या मध्ये. ते रोज उघडं नसतं आणि सणात वेळा बदलतात, वेबसाइट बघूनच निघा. डिकन्सची तिकिटं थँक्सगिव्हिंगच्या आसपास काढून टाका, नंतर सोयीचे वार मिळत नाहीत. आणि देणगी त्याच वर्षाच्या टॅक्समध्ये धरायची तर 31 डिसेंबरच्या आत, मॅचिंगचा फॉर्म त्याच दिवशी भरा, नंतर भरू म्हटलं की राहतो.