आधी टाकी बघा, मग कूलंटचा डबा निवडा

पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांत सुट्टी गुरुवारी, त्यामुळे टाकीतल्या कूलंटची, म्हणजे धातू कापताना टूलवर सोडायच्या द्रवाची, घाण शुक्रवारी सकाळी येते. दिवसभर पंप बंद, वर स्लाइडवे तेलाचा (मशीनच्या सरकत्या भागांना लावायच्या तेलाचा) तवंग, खाली हवा न मिळाल्याने माजलेले जंतू. नेमकं अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "वनस्पती तेलाचं घ्या, एकदम ग्रीन." घ्यावं का? काही मशीनवर आजच घ्या. सगळीकडे मात्र मुळीच नाही.

नेहमीचं सोल्युबल ऑइल म्हणजे खनिज तेल आणि ते पाण्यात मिसळू देणारा इमल्सिफायर. पाण्यात ५ ते १० टक्के मिसळून त्याचं दूध करायचं. स्वस्त, कुठेही मिळणारं, ऑपरेटरच्या सवयीचं. वेगातल्या टर्निंगला किंवा ग्राइंडिंगला उष्णता ओढून नेतं ते पाणी, आणि तेल खनिज असो की वनस्पती, पाणी दोन्ही दुधांत सारखंच. तिथे महागड्या डब्याने फारसं काही बदलत नाही.

टॅपिंग (भोकात आटे पाडणं), रीमिंग (भोक नेमक्या मापाचं करणं), ब्रोचिंग (दात्यांच्या टूलने खाचा कापणं) यांची गोष्ट वेगळी. वेग कमी, घर्षण जबर. वनस्पती तेलाचे रेणू एका टोकाने धातूला चिकटतात आणि टूल व जॉबच्या (कापायच्या धातूच्या तुकड्याच्या) मधला थर सहजी तुटू देत नाहीत. खनिज तेलाकडून तेच काम करून घ्यायला गंधक, क्लोरीन, फॉस्फरसची रसायनं घालावी लागतात. शिवाय वनस्पती तेलांचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ३०० अंशांच्या आसपास, खनिज कटिंग ऑइलचा बहुधा २००च्या आत. म्हणजे आगीची भीती कमी. लिटरमागे भाव जास्त, हे खरं. पण एसएस ३०४च्या (स्टेनलेस स्टीलच्या) जवळजवळ तयार जॉबमध्ये एम६चा, म्हणजे ६ मिमी आट्यांचा, टॅप मोडून अडकला की हा हिशोब वेगळाच दिसायला लागतो.

आता वनस्पती तेलाची खोड. कढईच्या बाहेर ओघळलेलं तेल तापून कसा चिवट, पिवळा राप धरतं? तेच स्लाइडवर आणि व्हॉल्व्हमध्ये होतं. साधं सोयाबीन, सूर्यफूल यात सर्वांत वाईट. खोबरेल तेल सहसा खराब होत नाही, पण पंचवीसेक अंशांखाली थिजतं. पुण्याच्या डिसेंबरात नोझल बंद. एरंडेल फारच दाट. तेव्हा किराणा दुकानातला डबा मशीनमध्ये ओतायचा नाही. ऑक्सिडेशनरोधक (राप धरू न देणारं रसायन) घातलेलं, हाय-ओलिक (ओलिक आम्ल जास्त असलेल्या, टिकाऊ) तेलापासून किंवा एस्टरपासून (प्रक्रियेने बनवलेल्या तेलासारख्या द्रवापासून) बनवलेलं कटिंग ऑइलच मागा.

आणि एक गंमत: 'लवकर विघटन होतं' हा गुण मातीत चांगला, टाकीत नाही. वनस्पती तेल जंतूंचंही आवडतं खाद्य. म्हणून त्याच्या दुधातही जंतुनाशक लागतंच, आणि हाताची खाज पुष्कळदा त्यानेच सुटते. वापरलेलं कूलंट नाल्यात सोडायचीही मुभा नाही. त्यात धातूचा कीस आणि मशीनचं तेल उतरलेलं असतं. २०१६च्या घातक कचरा नियमांतून केवळ 'ग्रीन' लेबलमुळे सुटका होत नाही.

म्हणूनच वनस्पती तेलाला मला सर्वांत योग्य जागा वाटते ती एमक्यूएलची (मिनिमम क्वांटिटी लुब्रिकेशन, म्हणजे कमीत कमी तेल): हवेच्या झोताबरोबर तासाला १० ते १०० मिलिलिटर. टाकीच नाही, तर सडणार काय? कीसही जवळजवळ कोरडा निघतो, भंगारवाल्याशी वजनावरून वाद नाही. कॉम्प्रेसरची वीज मात्र मोजा, आणि खोल ड्रिलिंगला किंवा ग्राइंडिंगला याच्या भरवशावर राहू नका.

पहिला डबा टॅपिंग मशीनवर आणि बँडसॉवर लावून बघा. मोठ्या टाकीवर तो पैसा घालण्याआधी तवंग काढायला स्किमर आणि दुधातलं तेलाचं प्रमाण मोजायला एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या. रीडिंगला डब्यावरच्या फॅक्टरने गुणायला विसरू नका. कूलंट बदललं की तो आकडाही बदलतो.