रंगाखालचा गंज: सांगलीत ‘रिस्टोअर’ म्हणून विकली गेलेली सायकल

सौदा साडेसहा हजारांचा. २८ इंची, गजाच्या (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या) ब्रेकची जुनी सायकल. काळाभोर रंग, सोनेरी रेघा, लखलखीत रिंगा. विकणाऱ्याने सांगितलं ते असं: ॲसिडने गंज मुळापासून काढलाय, रिंगा नव्याने क्रोम केल्यात आणि सायकल कायम घरातच उभी होती. पहिल्या पावसाळ्यातच तिन्ही गोष्टी उघड्या पडल्या.

आधी रिंगा. गजाच्या ब्रेकचे गुटके रिंगेच्या बाजूला लागत नाहीत, आतल्या अंगाला, तारांच्या दोन्ही कडांनी घासतात. तिथेच महिन्याभरात चंदेरी पापुद्रे सुटले आणि गुटक्यांना चिकटले. क्रोम कसलं, साधा सिल्व्हर पेंट! खरं तर हे घेतानाच दिसत होतं. रिंग क्रोम करायची तर चाक पूर्ण सोडवावं लागतं, पुढच्या ३२ आणि मागच्या ४० तारा काढाव्या लागतात, जुना थर उतरवून, बफ मारून आधी निकेल आणि त्यावर क्रोम चढवतात. इथे निपलांच्या, म्हणजे तारा रिंगेत पकडणाऱ्या छोट्या नटांच्या, खाचांत रंग गच्च बसलेला, तारांचा शेवटचा अर्धा इंचही त्याच रंगाने चंदेरी. कापसावर थिनर घेऊन एकदा पुसलं असतं तरी कापूस राखाडी झाला असता.

मग फ्रेमच्या सांध्यांतून तपकिरी ओघळ आले. ॲसिड वापरलं होतं, हे खरं; पण फडक्याने फासलेलं. ते पाइप आणि सांध्याच्या फटीत शिरतं. सोड्याच्या पाण्याने मारलं नाही तर वर कितीही चांगला रंग लावा, आतून खातच राहतं. खालच्या पाइपवर तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली. फ्रीजवर लावायचं पातळ चुंबक बाकी फ्रेमला घट्ट बसायचं, तिथे घसरायचं. लांबी खरवडली तर खाली पोपडे जसेच्या तसे, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा दाबताच आरपार.

शेवटी बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस फिरतो तो फ्रेमचा खालचा भाग) उघडली. कप सोडवला तर नव्या ग्रीसमध्ये जुनेच खड्डे पडलेले छर्रे, एका बाजूला ११ च्या जागी ९. आतल्या नळीत वाळलेला गाळ, चिमटीत चोळला की पिठासारखा मऊ. घरात उभ्या असलेल्या सायकलीत गाळ कुठून येणार? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचं पाणी सांगलीत घरादारांत शिरलं होतं. अशा पाण्यात राहिलेली फ्रेम आतून गंजते, तिथे बाहेरचा पॉलिश पेपर पोचत नाही.

गंज काढायला एवढं ॲसिड लागतही नाही. सुटे भाग डिझेलने धुऊन ग्रीस घालवायचं. प्लॅस्टिकच्या टबात लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत, भाग पूर्ण बुडवून सहा ते आठ तास, मधून तारेचा ब्रश. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, लगेच ऊन किंवा हेअर ड्रायर, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. पावसाळी हवेत उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. क्रोम शाबूत असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी वरचा गंज निघतो. क्रोमच उडालेलं असेल तिथे कुठलाच उपाय ते परत आणत नाही.

म्हणून काम करायला देताना अट एकच घाला: प्रायमरच्या आधी नागडी फ्रेम बघायला बोलवायचं. तयार सायकल घेत असाल तर सीट पाइप उपसून आत टॉर्च मारा आणि बीबी उघडून दाखवायला सांगा. ‘पायडलच्या दांडीची खीळ, कॉटर पिन, तुटेल’ असं उत्तर आलं तर सांगा, तुटू दे, नवीनचे पैसे आम्ही देतो.