व्हॉट्सअॅप स्टेटस: छोट्या बातमीला सोयीचं, मोठ्या बातमीला तोकडं

नळाला चक्क दिवसाउजेडी पाणी आलं. ज्वारी हुरड्याला आली. उजनी धरण शंभर टक्के भरलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांचा कळप दिसला. अशा बातम्या सांगाव्याशा वाटतात, पण त्यावर कुणी काही बोललंच पाहिजे असं नसतं. व्हॉट्सअॅपचं स्टेटस याच कामाला बरं पडतं. ग्रुपवर टाकलेली बातमी समोरच्याच्या अंगावर येते, निदान अंगठा तरी दाखवावा लागतो. स्टेटस म्हणजे ओट्यावर ठेवलेलं हुरड्याचं ताट. ज्याला हवं तो चार दाणे तोंडात टाकतो, बाकीचे पुढे जातात आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

ही सोय २०१७ पासून आहे. फोटो, व्हिडिओ, आवाज किंवा ७०० अक्षरांपर्यंतचा मजकूर टाकता येतो आणि २४ तासांनी तो आपोआप जातो. उत्तर आलंच तर ते खासगी चॅटमध्ये येतं, चारचौघांत नाही. नुसता बदाम दाबला तरी तो फक्त टाकणाऱ्याला दिसतो. सुखाची बातमी सांगताना लोक संकोचतात, कारण कुणी काही म्हटलं नाही तर सगळ्यांसमोर आपलंच हसं होतं. इथे तो प्रश्नच येत नाही.

आता खोड. ऑनलाइन मित्र म्हणजे पक्षी पाहणाऱ्यांच्या, पाककृतींच्या किंवा गिर्यारोहणाच्या ग्रुपवर ओळख झालेली, प्रत्यक्षात कधी न भेटलेली माणसं. त्यांना आपलं स्टेटस बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण त्यासाठी दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. एकाने केला आणि दुसऱ्याने नाही, तर गाडी अडलीच. ‘माझ्याकडे कुणी फिरकत नाही’ असं वाटणाऱ्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते. ग्रुपमधून एखाद्याशी वेगळं बोलणं सुरू झालं की त्याचा नंबर लगेच सेव्ह करा आणि त्यालाही तुमचा करायला सांगा. नावापुढे खूण जोडा, ‘पक्षी-नाशिक’, ‘भाकरी-बार्शी’ अशी. नाहीतर सहा महिन्यांनी यादीत चार ‘सुनीता’ दिसतात आणि शेंगा चटणीचा फोटो नेमका कुणाला आवडला ते आठवत नाही.

दुसरी गोष्ट, स्टेटस कुणाला दिसावं हे ठरवण्याची. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग स्टेटस. तिथे तीन पर्याय मिळतात: सगळे कॉन्टॅक्ट, काही जण वगळून बाकीचे, आणि फक्त निवडलेले. रोजच्या किरकोळ आनंदासाठी तिसरा घ्यावा आणि वीस-पंचवीस जण निवडावेत. दूधवाला, घरमालक, ऑफिसचे साहेब यांना आपल्या हुरड्याचा फोटो दिसायची गरज नाही. मात्र दोन जागी पाय अडकतो. हा बदल पुढच्या स्टेटसला लागू होतो, आधी टाकलेलं होतं तसंच राहतं. आणि एकदा निवडलेला पर्याय आपण बदलेपर्यंत कायम राहतो. त्यामुळे दहावीचा निकाल मोठ्या हौसेनं टाकायचा आणि तो पंचवीसच जणांना दिसायचा, असं हमखास होतं. पोस्ट करण्याआधी खालच्या कोपऱ्यात कोणती यादी दिसते ते पाहायची सवय लावून घ्या.

कुणी पाहिलं याची यादी मिळते, पण वाचल्याच्या निळ्या खुणा बंद असतील तर मिळत नाही. तुम्ही त्या बंद ठेवल्या असतील तर इतरांना तुमची भेट कळत नाही आणि तुम्हालाही इतरांची कळत नाही. सौदा बरोबरीचा आहे.

फोटोच्या दर्जाबाबत मात्र हे साधन कंजूष आहे. स्टेटसवर टाकलेला फोटो अॅप स्वतःच दाबून लहान करतं. उजनीच्या पाण्यातल्या रोहित पक्ष्यांचा दुरून घेतलेला फोटो तसाच टाकला, तर मित्रांना गुलाबी ठिपके दिसतात. कारण सोपं आहे: आधी सगळा फोटो लहान होतो आणि त्यातल्या इवल्याशा पक्ष्याच्या वाट्याला मूठभर ठिपके उरतात. म्हणून टाकण्याआधीच फोटो कापा, पक्षी चौकटीचा तिसरा हिस्सा तरी व्यापेल इतका. उभा फोटो पडदा भरतो, आडव्याच्या वरखाली मोकळी पट्टी राहते. नऊ फोटो जोडून केलेलं कोलाज तर विसराच, भाकरीवरचे तीळ दिसले पाहिजेत. एका बातमीला दोन, फार तर तीन फोटो पुरतात. सलग बारा-पंधरा टाकले की बघणारा पहिल्या तिनांतच पुढच्या माणसाकडे सरकतो.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, वेगळंच होतं. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, वर नंदीध्वजांच्या उंच काठ्या, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर, आणि हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ चढवायला बसलेले. टॉवर तोच, मागणारे शंभरपट. व्हिडिओ अर्ध्यावर अडकतो, पुन्हा पाठवला की रांगेत दोन होतात आणि बॅटरी मात्र उतरत राहते. अशा वेळी तिथे फक्त चित्रण करा, दहा-बारा सेकंदांचे तुकडे ठेवा आणि गर्दीतून बाहेर पडल्यावर टाका. तातडीनं सांगायचंच असेल तर एक ओळ मजकूर पाठवा. व्हिडिओ अडतो तिथेही ती बहुधा निघून जाते. फोनचा बॅटरी बचतीचा मोड चालू असेल तर अॅप मागे गेलं की अपलोड थांबतं, तो बंद करून मगच फोन खिशात घाला. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा व्हिडिओ आवाजासकट बरा, पण फोन हलवू नका. काळ्या आकाशात हललेला व्हिडिओ दाबला गेला की नुसता चिखल दिसतो.

आवाजाचं स्टेटस लोक फारसं वापरत नाहीत, सोलापुरात तर ते जास्त वापरायला हवं. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी हिंदी अशी ज्यांची जीभ, त्यांना टाइप करताना अडखळायला होतं, बोलताना नाही. पंधरा सेकंदांत आजीचं हसू पोचतं. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर धरा आणि पहिल्याच वाक्यात बातमी सांगा. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच अर्धे ऐकणारे पळतात.

मोठ्या बातमीला मात्र स्टेटस पुरत नाही. बाळ झालं, नोकरी लागली, शस्त्रक्रिया नीट पार पडली, या गोष्टी २४ तासांच्या हवाली करू नयेत. ज्याने त्या दिवशी फोन उघडला नाही त्याला कळतच नाही, आणि महिन्यानं कळलं की तो रुसतो. रुसवा रास्तच आहे. पाच-सात जवळच्यांना वेगळा निरोप द्या, त्यात त्यांचं नाव घ्या. स्टेटसमध्ये पाच जणांचा उल्लेख करायची सोय आहे, त्यांना सूचनाही जाते, पण आत्याला सूचना पाठवणं आणि आत्याशी बोलणं यात फरक आहे.

मग ब्रॉडकास्ट यादी? एका यादीत २५६ जण बसतात आणि निरोप प्रत्येकाला वेगळा गेल्यासारखा दिसतो. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि तुम्हाला ‘पोचला नाही’ असं कुणी सांगतही नाही. एकच टिक राहिलेली नावं दुसऱ्या दिवशी तपासा. ग्रुप १०२४ जणांपर्यंत जातो. तिथे बातमी टाकली की ‘अभिनंदन’ची रांग लागते आणि खाली कुणीतरी विचारलेला कामाचा प्रश्न वाहून जातो. ग्रुपवर टाकायचंच असेल तर शेवटी लिहा, ‘फक्त इमोजी चालेल’. निरोपावरच प्रतिक्रियेचं चिन्ह दाबायची सोय २०२२ पासून आहे, तिचा उपयोग होऊ द्या. चूक झाली तर १५ मिनिटांपर्यंत निरोप दुरुस्त करता येतो. मुलीचे ९२ टक्के २९ झाले असतील तर घाई करा.

जपायच्या गोष्टी थोड्याच, पण नेमक्या. गुणपत्रिकेचा फोटो टाकताना बैठक क्रमांक आणि आईचं नाव झाका. लग्नपत्रिकेवरचा घरचा पत्ता आणि मोबाइल नंबरही झाका. नव्या गाडीची नंबर प्लेट बोटानं लपवली तरी चालते. ‘सगळे आठवडाभर कोकणात’ हे परत आल्यावर सांगा. स्टेटसचा स्क्रीनशॉट कुणी घेतला तर टाकणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणजे २४ तासांत पुसलं जातं यावर विसंबू नका. दर्जा राहावा म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्यात फोटो कुठे काढला ती जागाही सोबत जाऊ शकते. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून ती पुसली जाते. घराच्या गच्चीवर काढलेला तान्ह्या बाळाचा फोटो डॉक्युमेंट करून अनोळखी ग्रुपवर टाकू नका.

उजनीचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतो आणि त्यातले कित्येक मागच्या वर्षांचे असतात. निरोपावर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. असा निरोप पुढे एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तेवढाच वेग कमी होतो. आनंदाच्या भरात जुनं पाणी नवं म्हणून पाठवण्यापेक्षा धरणाची त्या दिवशीची टक्केवारी पाहून एक ओळ लिहिलेली बरी.

पाचात गुण द्यायचे तर छोट्या बातम्यांसाठी साडेचार, मोठ्या बातमीसाठी दोन. अर्धा गुण कापला तो फोटो दाबण्याबद्दल. आजच करायचं काम एकच: फक्त निवडलेल्यांची यादी उघडा, तीन वर्षांपूर्वी भाड्याचं घर दाखवणारा एजंट अजून आत असेल तर काढून टाका, आणि ज्याला खरंच हुरड्याचा फोटो पाहायचाय त्या नाशिकच्या पक्षीमित्राचा नंबर सेव्ह करा.