पीसीजीएस कॉइनफॅक्ट्स: नाणं ओळखायला उत्तम, भाव वाचताना सावध

अमेरिकन क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, नेमकं कुठलं हे सांगण्यात पीसीजीएस या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या या फुकट अ‍ॅपचा हात धरणारं दुसरं सापडणं कठीण. भावाच्या रकान्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. बेळगाव-निपाणीकडे अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांनी दिलेली मूठभर नाणी डब्यात पडून असतील, तर अ‍ॅप उघडायच्या आधी वजनकाटा काढा.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. १९६४ पर्यंतचं चांदीचं क्वार्टर ६.२५ ग्रॅम, १९६५ पासूनचं तांबं-निकेलचं ५.६७. कड बघितली तर नव्या नाण्यावर तांब्याची तपकिरी रेघ असते, चांदीच्यावर नसते. लोहचुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत. चिकटलं तर नाणंच खोटं.

चांदीचं निघालं की मोडीची किंमत सोपी: वजन गुणिले ०.९ गुणिले ग्रॅमचा भाव. पूर्ण वजनाच्या नाण्यात ५.६२५ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. भाव किलोला १ लाख धरला तर ५६२ रुपये ५० पैसे. शहापूरची सराफ गल्ली असो की चिकोडीची पेठ, सराफ टंच बघून घट धरणारच. झिजलेल्या नाण्याचं वजनही कमी भरतं.

याच्या वर काही मिळेल का, यासाठी अ‍ॅप. साल आणि टांकसाळीची खूण (नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारं 'डी', 'एस' असं अक्षर) घालून नाणं शोधायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा असलेल्या क्वार्टरवर १९६४ पर्यंत ही खूण मागच्या बाजूला, गरुडाखालच्या डहाळ्यांच्या खाली असते. १९६८ पासून पुढच्या बाजूला, वॉशिंग्टनच्या केसांच्या रिबिनीजवळ. १० पट भिंग घ्या. १९३२ची 'डी' ४,३६,८०० आणि 'एस' ४,०८,००० एवढीच पाडली, म्हणून त्यांना मागणी. बिनखुणेच्या १९३२वर खोटी 'डी' चिकटवणारेही म्हणूनच आहेत. अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो का बघा.

फोटोग्रेड हा भाग सगळ्यात कामाचा. प्रत्येक दर्जाचा फोटो समोर असतो, आपलं नाणं शेजारी धरायचं आणि कानावरचे केस, गरुडाच्या छातीची पिसं किती झिजलीत ते जुळवायचं. दोन दर्जांत अडकलात तर खालचा धरा.

घोळ होतो तो पुढे. अ‍ॅपमधला भाव पीसीजीएसने तपासून डबीत बंद केलेल्या नाण्याचा, तोही डॉलरमध्ये आणि दुकानातल्या विक्रीचा. आपलं सुटं नाणं त्या भावाला कुणी घेत नाही. लिलावात खरोखर मिळालेले आकडेही अ‍ॅपमध्ये आहेत, ते जास्त भरवशाचे. आणि चिंच-मीठ किंवा राखेने घासलेलं नाणं फोटोशी जुळलं तरी त्याला दर्जाचा आकडा मिळत नाही. चांदी काळी पडली असली तरी हात लावू नका.

ओळख पटवायला ५ पैकी साडेचार, भावाला ३.

ढोलकीवाल्याचं '१७७६-१९७६' क्वार्टर १७७६चं नाही, वजन ५.६७ भरलं तर २५ सेंटचंच. ५.७५ भरलं आणि 'एस' खूण असली तर ४० टक्के चांदी. बाकीची १९६५ नंतरची साधी नाणी अमेरिकेला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. परकीय चलन बदलणारे सहसा नोटाच घेतात.