गच्चीवरची घरगुती पवनचक्की: एक पावसाळा काढल्यावर

मढला आमचं घर समुद्राच्या तोंडावर आहे. पश्चिमेला गच्चीपुढे ना झाड, ना इमारत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं अशाच जागेला लागू आहे. अंधेरी-मालाडच्या टॉवरांमध्ये राहत असाल तर या फंदात पडू नका. तिथे वारा भिंतींवर आपटून भोवरे घेत येतो. चक्की नुसती तोंड फिरवत बसते आणि बॅटरीत काही पडत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हापासून हे डोक्यात होतं. गच्चीवर छोटं सोलर पॅनेल होतंच, पण आमच्याकडे दिवे जातात ते मुख्यतः पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळे पॅनेल लंगडं पडतं. वारा मात्र तेव्हाच भरपूर. म्हणून गेल्या दिवाळीनंतर चक्की उभी केली.

मोटर ट्रेडमिलची, भंगारातली. घेताना तिच्यावरची पट्टी वाचा. १८० व्होल्ट, ४००० आरपीएम (म्हणजे मिनिटाला फेऱ्या) असेल तर साधारण ३०० आरपीएमला १३ व्होल्ट मिळतात, आणि एवढ्या फेऱ्या चार फुटी पंख्याला बेताच्या वाऱ्यातही जमतात. गाडीचा अल्टरनेटर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्याला याच्या कितीतरी पट वेग लागतो. पाती सहा इंची पीव्हीसी पाइप कापून केली. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये डायोड हवाच, नाहीतर वारा पडला की बॅटरीच चक्की फिरवायला लागते. डायोड आणि बॅटरीचं भरणं सांभाळणारा कंट्रोलर लॅमिंग्टन रोडला मिळाले. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं, त्यात निम्मे बॅटरीचे.

आता वीज किती मिळते ते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, सगळा खेळ इथे आहे. सेकंदाला चार मीटर वाऱ्यात माझ्या मीटरवर जेमतेम दहा वॅट दिसतात. आठ मीटरला ऐंशीच्या आसपास. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा घरांवरून अडखळत येतो, त्यात काही हाती लागत नाही. दुपारी खारा वारा सुटला की संध्याकाळपर्यंत थोडं थोडं भरतं. ऑक्टोबरात तर चक्की नुसती शोभेला असते, तेव्हा पॅनेलच कामाला येतं. जून ते ऑगस्ट मात्र तिने आमचं घर उजळून टाकलं. पाच वॅटचे चार एलईडी दिवे रात्री पाच तास, म्हणजे १०० वॅट-तास. ४२ अॅम्पिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असं धरलं, तरी वारा नसताना दोन रात्री निघतात. दिवे सरळ १२ व्होल्टवरच लावलेत. इन्व्हर्टर मध्ये घातला तर थोडी वीज तोच खातो. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बाबा रात्री ओटीवर जाळी सांधत बसतात. यंदा वस्तीत अंधार असतानाही त्यांचं काम थांबलं नाही, आणि एवढ्यासाठी माझी सगळी खटपट वसूल झाली.

पावसाळ्यात बॅटरी लवकर भरते आणि मग जास्तीची वीज जिरवावी लागते. फिरत्या चक्कीची तार सोडली तर व्होल्टेज भडकतं, चक्की मोकाट सुटते. कंट्रोलर ती वीज गाडीच्या हेडलाइटच्या दोन बल्बांकडे वळवतो. वादळाचा इशारा आला की वारा चढायच्या आत मोटरची दोन टोकं स्विचने जोडतो, म्हणजे पंखा जड होऊन जवळजवळ थांबतो. मग दोरीने बांधतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा नोंदला गेला. तशा वाऱ्यात पाती काढून घरात ठेवण्याला पर्याय नाही.

त्रासाचं म्हणाल तर पहिला आवाजाचा. खांब भिंतीला घट्ट आवळला होता, त्यामुळे रात्रभर घुंई-घुंई थेट आईच्या खोलीत उतरायची. क्लॅम्पखाली ट्रकच्या ट्यूबचं जाड रबर घातलं, तेव्हा तिला झोप लागली. दुसरा खाऱ्या हवेचा. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. ती गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून व्हॅसलिन लावतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि त्यातही ३१६ ग्रेडचे. ३०४ वर समुद्राकाठी तांबूस डाग येतात. संक्रांतीला तर वेगळाच प्रकार झाला. चक्की अचानक मंदावली, वर जाऊन बघतो तर शाफ्टला मांजाचा गुंडा, बेअरिंगच्या सीलपर्यंत आत ओढला गेलेला. ब्लेडने एकेक पदर कापून काढला. आता पतंगांच्या दिवसांत चक्की बांधूनच ठेवणार.

मोटरचे कार्बन ब्रश बरेच झिजलेत, ते दिवाळीच्या आत बदलतो. पुढच्या मे महिन्याआधी खांब आणखी पाच फूट उंच करून चारी बाजूंनी तारेचे ताण द्यायचे आहेत. पातं मोठं करण्यापेक्षा उंचीवर खर्च करणं मला जास्त पटतं, कारण गच्चीच्या कठड्याच्या वरचा वारा भोवरे न घेता सरळ येतो.